मारलवाईचे मास्तर

नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी मुदखेडला मुख्य मार्ग सोडते आणि भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट अशी स्थानके घेत सागाच्या जंगलाकडे सरकू लागते. मराठवाड्यातील व्यापारी घराण्यांना हा मार्ग परका नाही. कापूस, सागवान, मोहफुले, डिंक यांच्या निमित्ताने नांदेडच्या आडत्यांच्या अनेक पिढ्या या वाटेने गेल्या आहेत. किनवटच्या आठवडी बाजारात उभे राहिले तर एकाच ओट्यावर मराठी, तेलुगू, दखनी उर्दू, बंजाऱ्यांची गोरमाटी, गोंडी आणि कोलामी कानांवर येतात. दुकानदाराला यांतील चार तरी भाषा कामापुरत्या येतात. गिऱ्हाइकाची भाषा आली नाही तर माल हलत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. राज्यकर्त्यांना मात्र एवढी साधी गोष्ट उमगण्यासाठी एक उठाव व्हावा लागला.

किनवट तेव्हा नांदेड जिल्ह्यात नव्हते. निजामाच्या राज्यात ते आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होते, आणि त्या जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात राजगोंड, कोलाम, परधान, नायकपोड असे समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत तेथे रस्ते आले, बाहेरचे शेतकरी आणि सावकार आले. जंगले राखीव झाली आणि गोंडांची कसलेली जमीन एका रेघेच्या अलीकडे की पलीकडे यावर गावे उठू लागली. कुमराम भीमू या गोंड तरुणाने आपल्या माणसांच्या जमिनीसाठी आधी अर्ज-विनंत्या केल्या. मग जोडेघाटच्या डोंगरावर शस्त्र उचलले. १९४० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे सोबती मारले गेले. आज त्याचे नाव तेलंगणातील एका जिल्ह्याला दिले गेले आहे. त्या काळी हैदराबादच्या सरकारला मात्र एवढाच प्रश्न पडला की ही शांत माणसे उठली कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम ज्याच्याकडे आले तो माणूस हैदराबादचा नव्हता, हिंदुस्थानचा नव्हता, आणि कागदोपत्री तर तो शत्रूराष्ट्राचा नागरिक होता. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली व्हिएन्नाच्या एका उमराव घराण्यात झाला. व्हिएन्ना विद्यापीठाची मानववंशशास्त्राची डॉक्टरेट मिळवून ते लंडनला मालिनोव्स्की या विख्यात अभ्यासकाकडे शिकले. १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांत कोन्याक नागांच्या गावी राहून त्यांनी अभ्यास केला होता. १९३९ मध्ये ते पत्नी बेटी यांच्यासह पुन्हा हिंदुस्थानात आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. त्यांच्याजवळ जर्मन पारपत्र होते. ऑस्ट्रिया हिटलरने आधीच गिळला होता. इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले नाही, पण निजामाच्या राज्याबाहेर पाऊल टाकू नये असे बंधन घातले. एखाद्याच्या आयुष्याची दिशा अशा अटकावाने ठरावी, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. हैदराबाद राज्यात अडकलेल्या या विद्वानाने आधी चेंचूंचा, मग गोदावरीकाठच्या कोंडा रेड्ड्यांचा आणि १९४१ पासून आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास सुरू केला. निजाम सरकारातील महसूलमंत्री ग्रिगसन हे स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेले अधिकारी होते. त्यांचा पाठिंबा हायमेनडॉर्फ यांना मिळाला.

उटनूर तालुक्यातील मारलवाई या गोंड गावात या दांपत्याने आपले बिऱ्हाड थाटले. तेथे राहून हायमेनडॉर्फ यांना जे दिसले ते महसुली दफ्तरात कोठेही नव्हते. गोंड शेतकरी तीन पिढ्या एक जमीन कसत होता, पण पट्टा त्याच्या नावावर नव्हता, कारण पट्टा नावाचा कागद असतो आणि तो मागावा लागतो हे त्याला ठाऊक नव्हते. दफ्तराची भाषा उर्दू, लिपी फारसी. पटवारी सांगेल ते खरे, गिरदावर म्हणेल ती हद्द. सावकाराच्या वहीत दोन खंडी ज्वारी लिहिली की चार, हे पाहण्याचे साधन गोंडाजवळ नव्हते.

येथे व्यापारी वाचकांनी थोडे थांबावे. हे वाचताना आपण बहुधा नकळत अंगठा उठवणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. पण आपली परंपरा वही लिहिणाऱ्याची आहे. वही खरी लिहिणारे पुष्कळ होते आणि त्यांच्यामुळेच बाजार चालला, हेही तितकेच खरे. तरीही ज्याला वाचता येत नाही त्याच्यासमोर वही उघडताना लिहिणाऱ्याच्या सचोटीखेरीज दुसरा कोणताही बंदोबस्त नसतो. बँकेतसुद्धा अंगठा उठवणाऱ्याला साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार कोणाचा माणूस आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते. आदिलाबादच्या डोंगरात साक्षीदार नेहमी समोरच्या पक्षाचा असे.

हायमेनडॉर्फ यांनी सरकारला सुचविले की जमिनीचे पट्टे द्या, पण त्याबरोबर त्या पट्ट्यावर काय लिहिले आहे हे वाचणारा माणूस गोंडांतूनच तयार करा. पहिल्या सूचनेतून ‘लावणी खास’ नियमांखाली गोंड-कोलामांना जमिनी नावावर करून देण्याचे काम सुरू झाले आणि हजारो कुटुंबांना हक्काचा कागद मिळाला. दुसऱ्या सूचनेतून मारलवाईची अध्यापक शाळा जन्माला आली. जमिनीच्या पट्ट्यांची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. अध्यापक शाळेची गोष्ट तिच्या मागे झाकली गेली, आणि खरे पाहता तीच अधिक अवघड होती.

शाळा त्या भागात अगदीच नव्हत्या असे नाही. काही मोठ्या गावांत सरकारी शाळा होत्या, पण त्यांत गोंडाचे पोर टिकत नसे. कारणे सांगायला अधिकारी तयारच असत: मुले गुरांमागे जातात, आईबापांना गोडी नाही, ही जातच जंगली. मास्तर बाहेरून आलेला, त्याला गोंडीचा एक शब्द येत नाही, आणि मुलाला मास्तराची भाषा येत नाही, ही गोष्ट कोणाच्या अहवालात आली नाही. गोंडी ही मराठीची बोली आहे असा कित्येकांचा समज असतो. तसे नाही. ती द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. पाण्याला ‘येर’, घराला ‘रोन’, गावाला ‘नार’. मोजताना उंदी, रंड, मुंड, नालुंग. तेलुगूतील रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी या अंकांचे नाते कानाला लगेच जाणवते. म्हणून गोंड मुलाला तेलुगू आपोआप समजेल असे मात्र कोणी मानू नये. बंगाली आणि मराठी एकाच कुळातल्या, तरी लातूरच्या मुलाला बंगाली शाळेत बसविले तर काय होईल, याचा विचार करावा.

अडचण शब्दांपुरतीही नाही. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे. गोंडीत पुरुष एका बाजूला आणि बाकी सारे, म्हणजे बायका, गुरे, झाडे, वस्तू, दुसऱ्या बाजूला. गोंडी बोलणारा मुलगा मराठी बोलू लागला की आईविषयी सांगताना त्याचे क्रियापद घसरते आणि वर्ग हसतो. मास्तरही हसतो. मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही. हजेरीपुस्तकात ‘गैरहजर’ अशी नोंद होते. ज्या मास्तराला गोंडी येते त्याला ही चूक म्हणजे चूक नाही, ते दुसऱ्या व्याकरणाचे काटेकोर पालन आहे, हे कळते. तो हसत नाही. अध्यापक कोणत्या समाजातून यावा या प्रश्नाचे मोल अशा एका क्रियापदात सामावलेले असते.

१९४३ साली मारलवाईचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. अडचण उघड होती: शिकवायला शिकलेला गोंड हवा, आणि शिकलेला गोंड शोधून सापडेना. मराठी अक्षरओळख असलेले बोटांवर मोजण्याइतके तरुण मिळाले. त्यांच्यापासून आरंभ झाला. आज शिक्षक होण्यासाठी जी प्रमाणपत्रे लागतात त्यांच्या हिशेबाने यांतला एकही पात्र ठरला नसता. पण त्यांना मुलांची भाषा येत होती, मुलांचे देव आणि सण ठाऊक होते, सगा म्हणजे काय आणि कोणत्या मुलाचे कुळ सात देवांचे, कोणाचे चार देवांचे, हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नव्हते. अध्यापनकला शिकविता येते. हे दुसरे कोणत्याही अध्यापक विद्यालयात शिकवून येत नाही.

पुस्तके नव्हती, तीही तयार करावी लागली. गोंडीतून वाचनमाला लिहिल्या गेल्या आणि त्यांची लिपी ठरली देवनागरी. हा निर्णय मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा. डोंगराच्या या भागात बाजाराची आणि शेजाराची भाषा मराठी होती. गोंडांचे परंपरागत भाट म्हणजे परधान हे तर घरी मराठीच बोलत आणि गोंडांच्या देवांची दीर्घ आख्याने मात्र गोंडीत गात. एकाच माणसाच्या तोंडी घराची भाषा एक आणि कुलदैवताची भाषा दुसरी, अशी ही रचना शेकडो वर्षे विनातक्रार चालली होती. देवनागरी शिकलेल्या मुलाला गोंडीतून मराठीत जाताना अक्षरे नव्याने गिरवावी लागणार नव्हती. आधी गोंडी, मग त्याच अक्षरांतून मराठी, आणि पुढे राज्यकारभाराची उर्दू, अशी पायऱ्यांची आखणी होती. आज बहुभाषिक शिक्षण या नावाने परिषदा भरतात आणि जाड अहवाल निघतात. त्यांतील मुख्य विचार आठ दशकांपूर्वी सागाच्या जंगलातल्या एका गावात अंमलात आला होता.

यातील एक विसंगती मराठवाड्याच्या वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. याच निजामाच्या राज्यात नांदेड, लातूर, परभणीच्या मराठी मुलांपुढे माध्यमिक शिक्षणाचा दरवाजा उर्दूतून उघडत होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठीतून शिकता यावे म्हणून हिप्परग्यासारख्या ठिकाणी राष्ट्रीय शाळा निघाल्या आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखे शिक्षक तेथे उभे राहिले. जे सरकार लाखो मराठी मुलांना त्यांच्या भाषेतून उच्च शिक्षण द्यायला तयार नव्हते, तेच काही हजार गोंड मुलांना गोंडीतून शिकविण्यास पैसा देत होते. यामागे निव्वळ ज्ञानप्रेम होते असे मानण्याचे कारण नाही. भीमूच्या उठावाची धास्ती होती. हायमेनडॉर्फ यांनी सरकारच्या भीतीचा उपयोग करून घेतला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. १९४५ मध्ये ते निजाम सरकारचे आदिवासी व मागास वर्गांसाठीचे सल्लागार झाले आणि उस्मानिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापकही. निजामाचा माणूस म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहणारे होते. तो संशय काळाला धरून होता. पण मारलवाईत तयार झालेला मास्तर निजामाचे गुणगान शिकवीत नव्हता, अंगठ्याऐवजी सही करायला शिकवीत होता.

या कामाला प्रशासनाच्या बाजूने जे हात लाभले त्यांत लातूर जिल्ह्याचा एक सुपुत्र होता, आणि त्याची आठवण या निमित्ताने करणे अगत्याचे आहे. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० सालचा, निलंग्याचा. निलंगा त्या वेळी बीदर जिल्ह्यात होते. हैदराबाद मुलकी सेवेतील हा अधिकारी पुढे मराठ्यांच्या इतिहासाचा, फारसी साधनांचा आणि सूफी संप्रदायाचा गाढा अभ्यासक म्हणून महाराष्ट्राला परिचित झाला. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण १९४० च्या दशकात आदिलाबादेत आदिवासींच्या कामावर असताना त्यांनी जे केले ते त्यांच्या इतिहासग्रंथांइतके प्रसिद्ध नाही. ते गोंडी शिकले. कोलामी शिकले. दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीतून एक पुस्तकही लिहिले.

अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकणे म्हणजे काय, याची कल्पना येण्यासाठी त्या काळचे जिल्ह्याचे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. अव्वल तालुकदार उर्दूत विचारणार, पेशकार ते तेलुगूत किंवा मराठीत सांगणार, गावचा पाटील ते गोंडीत उतरविणार, आणि फिर्यादीचे उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढणार. प्रत्येक पायरीवर थोडे गळणार आणि कधी कधी थोडे चिकटणार. साहेब स्वतः गोंडीत बोलू लागले की मधल्या सगळ्या पायऱ्या एकदम बेकार होतात. मधल्या पायऱ्यांवर उभे राहणाऱ्यांना हे फारसे रुचले नसेल, हे सांगायला नको. निलंग्याच्या घरी मराठी आणि सीमाभागातली कन्नड, शाळेत उर्दू-फारसी, नोकरीत तेलुगू अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला आणखी दोन भाषा शिकणे कठीण गेले नसावे. कठीण होते ते ज्या भाषांना दफ्तरात जागाच नव्हती त्या शिकण्याजोग्या आहेत असे मानणे. तेवढे मोठेपण त्यांनी दाखविले.

मारलवाईच्या केंद्रातून मास्तर बाहेर पडू लागले आणि त्यांनी पाड्यापाड्यांतून शाळा उघडल्या. पुढे याच केंद्रातून शिकलेल्या गोंडांतून पटवारी, वनरक्षक आणि कारकूनही निघाले. या घटनेचे महत्त्व हिशेबाची सवय असलेल्या माणसाला चटकन कळेल. शंभर मुले साक्षर होणे ही चांगलीच गोष्ट. पण गावच्या जमिनीचे दफ्तर ज्याच्या बस्त्यात असते तो पटवारीच गोंड झाला, तर त्या गावातले बळाचे गणितच बदलते. अर्ज कोठे द्यायचा, पावती घ्यायची की नाही, शेतसारा किती भरला याची नोंद झाली की नाही, हे विचारायला आता परक्याच्या दारात उभे राहायचे नव्हते. बेटी हायमेनडॉर्फ या सगळ्या काळात पतीबरोबर गोंडांच्या गावांत राहिल्या. त्यांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे.

१९४८ मध्ये हायमेनडॉर्फ यांचा राजगोंडांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पोलीस कारवाई होऊन निजामी राजवट संपली. १९४९ मध्ये ते लंडनला परतले. लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य आणि आफ्रिकी विद्यांच्या संस्थेत १९५१ पासून १९७६ पर्यंत ते प्राध्यापक होते. नेपाळच्या शेर्पांवर, अरुणाचलच्या अपातानींवर त्यांनी लिहिले, देशोदेशीचे विद्यार्थी घडविले, रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपद भूषविले. जगाच्या दृष्टीने त्यांची कारकीर्द ती हीच. गोंडांच्या दृष्टीने ती सहा-सात वर्षांची होती, आणि पुढे काय झाले हे पाहिले तर ती अपुरी ठरली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. सीमेवरची गावे मोजून वाटली गेली: किनवट तालुका आणि इस्लापूरचा भाग आदिलाबादमधून काढून नांदेडला जोडला गेला, मुधोळ-भैंसा नांदेडातून आदिलाबादेत गेले. राजुरा काही काळ नांदेडात राहून पुढे चंद्रपूरकडे गेले. निलंगाही बीदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर त्याचा भाग बनले. मराठी माणसाच्या दृष्टीने ही मुक्तीची पूर्तता होती आणि तिचा आनंद खरा होता. मात्र ही वाटणी मराठी, तेलुगू, कन्नड या तराजूत झाली. गोंडी या तराजूच्या कोणत्याच पारड्यात नव्हती. जंगलातून एक रेघ गेली आणि एकाच कुळाची माणसे दोन राज्यांची झाली.

रेघेच्या पलीकडच्या शाळांत तेलुगू आली. देवनागरीतील गोंडी वाचनमाला निरुपयोगी झाल्या, आणि मारलवाईत मराठी-गोंडीवर तयार झालेले मास्तर एका रात्रीत अपुऱ्या शिक्षणाचे ठरले. ज्या माणसाला मुलांची भाषा येत होती त्याला राज्याची भाषा येत नव्हती, म्हणून तो मागे पडला. आणि ज्याला राज्याची भाषा येत होती पण मुलांची येत नव्हती, तो पुन्हा वर्गासमोर उभा राहिला. हे कोणी द्वेषाने केले नाही. राज्याची भाषा एक, म्हणून शाळेची भाषा एक, एवढ्या सरळ हिशेबाने ते घडले. रेघेच्या अलीकडे, किनवट-माहूरच्या बाजूला, मराठी राहिली. निदान लिपी तीच राहिली. पण गोंडीची पहिली पायरी तेथेही नाहीशी झाली आणि मुलगा थेट दुसऱ्या पायरीवर चढविला गेला. मराठीसाठी झगडलेल्या मराठवाड्याला आपल्याच जिल्ह्यातल्या गोंड मुलाची हीच अडचण दिसू नये, ही गोष्ट मनाला लागते.

निवृत्तीनंतर हायमेनडॉर्फ पती-पत्नी पुन्हा आदिलाबादेत आले आणि जुन्या गावांतून हिंडले. जे दिसले ते त्यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्याच्या नावातच जगण्याच्या झगड्याचा उल्लेख आहे. चाळीसच्या दशकात नावावर झालेल्या जमिनी पुष्कळ ठिकाणी पुन्हा हातच्या गेल्या होत्या, कायदा कागदावर शाबूत असताना. १९८१ च्या एप्रिलमध्ये इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. भीमूच्या मृत्यूला तेव्हा चार दशके झाली होती. एका प्राध्यापकाने सुरू केलेली शाळा टिकली असती तर हे टळले असते, असा दावा करणे भाबडेपणाचे होईल. जमिनीची हाव शाळेने थांबत नाही. एवढेच म्हणता येते की दफ्तर वाचणाऱ्यांची दुसरी आणि तिसरी पिढी आपल्या माणसांतून तयार होत राहिली असती, तर प्रत्येक बेकायदा खरेदीखताला एखादा हरकत घेणारा भेटला असता.

२०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख लोक होते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी गोंडीची स्वतःची लिपी असलेली जुनी हस्तलिखिते सापडली, आणि २०१८ पासून ती लिपी संगणकाच्या युनिकोड प्रणालीतही आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. धोरण चांगले आहे. त्यासाठी गोंडी जाणणारा प्रशिक्षित शिक्षक कोठून आणायचा, हा प्रश्न मात्र १९४३ च्या जागीच उभा आहे.

आपल्या घरांतही हा प्रश्न निराळ्या वेषात येतो. आजी मारवाडीत किंवा गुजरातीत बोलते, दुकानात मराठी चालते, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात आणि आजीचे अर्धे बोलणे त्यांना कळेनासे होते. आपल्या मुलांच्या पाठीशी पैका आहे, शिकवण्या आहेत, दुकानाची गादी आहे. भाषेची एक पायरी गळली तरी ती खाली पडत नाहीत. डोंगरातल्या मुलाला एवढे आधार नसतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत पहिल्या इयत्तेतला मास्तर कोण, यावर पुष्कळ काही ठरून जाते.

बेटी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये हैदराबादेत वारल्या. त्यांना मारलवाईत पुरण्यात आले. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनमध्ये निवर्तले आणि पुढे त्यांच्याही अस्थी मारलवाईलाच आणल्या गेल्या. व्हिएन्नाच्या उमराव घराण्यातल्या माणसाची आणि त्याच्या पत्नीची समाधी आज त्या गावात शेजारी शेजारी आहे, आणि गोंड लोक दर वर्षी तेथे जमून त्यांचे स्मरण करतात.

त्याच परिसरात केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी आणून पूजा करतात. चाळीसच्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्याच सांगण्यावरून तेथे अधिकाऱ्यांनी येऊन गोंडांच्या तक्रारी ऐकण्याचा ‘दरबार’ सुरू झाला, तो अजून भरतो. किनवटकडचे, यवतमाळ-चंद्रपूरकडचे गोंडही या जत्रेला जातात. सोयरे भेटतात, लग्ने ठरतात. बोलणे सारे गोंडीत होते. उटनूरचा मुलगा आपला पत्ता तेलुगू अक्षरांत लिहून देतो, किनवटचा देवनागरीत, आणि दोघेही तो कागद घडी करून खिशात ठेवतात, गावी गेल्यावर कोणाकडून तरी वाचून घेण्यासाठी.